विंडोज १० चे पाच पीसी, उद्यमनगरातलं ऑफिस आणि लिनक्स: काय हलवायचं, काय नाही?

जॉबवर्क_उद्यमनगर:

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्निंग-मिलिंगचं जॉबवर्क आहे. ऑफिस आणि शॉप मिळून पाच कॉम्प्युटर. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि चार पीसींवर विंडोज ११ बसत नाही, प्रोसेसर जुने आहेत. चारही नवीन घ्यायची साहेबांची तयारी नाही. म्हणून लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा, विषय निघालाय. सध्या आहे ते असं:

पीसी १: आय३ सहावी पिढी, ८ जीबी रॅम, एसएसडी. टॅलीप्राइम सिल्व्हर आणि जीएसटी.
पीसी २ आणि ३: आय५ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क. कोटेशन, चलन, मेल, व्हॉट्सॲप वेब, एक्सेल. बटण दाबून चहा घेऊन आलं तरी डेस्कटॉप आलेला नसतो.
पीसी ४: पेंटियम, शॉपमध्ये. सीरियल केबलने दोन फानुक कंट्रोलच्या सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशिनना प्रोग्रॅम याच्यावरून जातात.
लॅपटॉप: आय५ अकरावी पिढी, विंडोज ११, साहेबांच्या टेबलावर.

प्रिंटर दोन: कॅनन एलबीपी २९०० आणि एप्सन एल३११०. महापालिकेला, वीज कंपनीला मराठीत पत्रं जातात. जुनी सगळी डीव्हीबी-टीटी सुरेख फॉन्टमध्ये आहेत, नवी मंगलमध्ये. टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने करतो.

कुठलं लिनक्स घ्यावं? विंडोज शेजारी ठेवावं का? टॅली, मराठी, प्रिंटर आणि सीएनसी यातलं काय अडेल? सोमवारी आमचं बंद असतं, म्हणजे एका वेळी एक दिवस हातात आहे.


पेठेतला_पेंग्विन:

पाचही पीसींना एकच औषध देऊ नका. यादी पीसीची नको, कामाची करा. तुमच्याकडे टॅली सोडून विंडोजला घट्ट चिकटलेलं काम फारसं नाहीच, आणि टॅलीसाठी विंडोज ११ चालणारं यंत्र घरातच आहे. साहेबांचा लॅपटॉप. टॅली, जीएसटी, डिजिटल सहीचं टोकन असेल तर ते, सगळं त्यावर न्या. आय३ त्यांना मेल-ब्राउझरसाठी द्या. ८ जीबी आणि एसएसडी म्हटल्यावर तो लिनक्सवर पळेल. साहेब लॅपटॉप सोडायला तयार होतील की नाही, हा प्रश्न तांत्रिक नाही, तो तुम्ही बघा.

टॅली हलवताना क्रम चुकवू नका. आधी डेटा मेनूतून, म्हणजे ऑल्ट आणि वाय, बॅकअप. तो पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवर रिस्टोअर करून कंपनी उघडते का, शेवटचं व्हाउचर दिसतं का ते बघा. मग जुन्या पीसीवर एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर. त्यानंतर लॅपटॉपवर ॲक्टिव्हेट. सरेंडर न करता डिस्क फॉरमॅट केली तर लायसन्स जुन्या यंत्राला बांधलेलं राहतं आणि रिटर्नच्या तारखेला फोन करत बसावं लागतं. टॅली लिनक्सवर चालवायच्या फंदात पडू नका. कंपनी लिनक्सची आवृत्ती देत नाही. वाईनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीत, उघडलं तरी पुढच्या अपडेटला बंद पडलं तर दाद कुणाकडे मागणार?

आता पीसी २ आणि ३. यांच्यावर आहे तसं लिनक्स टाकलं तर तेही रडतच चालेल. दुखणं विंडोजचं कमी आणि फिरत्या हार्डडिस्कचं जास्त आहे. दोन्हीत २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घाला आणि ४ जीबीची एकेक डीडीआर३ कांडी वाढवा. डीडीआर४ खाचेत बसत नाही, म्हणून दुकानात जाताना आतली कांडी काढून बरोबर न्या. कॅबिनेट उघडलंच आहे तर ब्लोअर मारा. उद्यमनगरातली धूळ नुसती धूळ नसते, त्यात लोखंडाचा कीस आणि कूलंटचा चिकटपणा असतो. फॅनच्या पात्यांवर थर बसला की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात.

कुठलं लिनक्स, याला माझं उत्तर लिनक्स मिंट, २२ ची मालिका. उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. खाली मेनू, उजवीकडे घड्याळ, खिडकीला तिन्ही बटणं, त्यामुळे माणसाला नव्याने शिकवावं लागत नाही. ८ जीबी रॅमला सिनॅमन आवृत्ती, ४ जीबीवरच राहिलात तर एक्सएफसीई. चांगली इतरही आहेत, पण ऑफिसात पाच यंत्रांवर पाच चवी नकोत. अडचण आली की एकच उत्तर सगळीकडे लागू पडलं पाहिजे.

शेजारी विंडोज ठेवायची गरज नाही. जुनी हार्डडिस्क काढा, त्यावर पीसीचा नंबर आणि तारीख लिहा, कपाटात ठेवा. हाच तुमचा परतीचा रस्ता. काही बिनसलं तर दोन केबल बदलल्या की पंधरा मिनिटांत जुना पीसी जसाच्या तसा. नवीन एसएसडीवर लिनक्स टाकताना जुनी डिस्क बाहेर असल्यामुळे 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय बिनधास्त निवडता येतो. दोन डिस्क जोडलेल्या ठेवून घाईत चुकीची पुसण्याचे प्रकार फार होतात. नंतर जुन्या डिस्कवरच्या फायली यूएसबी केसिंगमधून कॉपी करा.

पद्धत थोडक्यात. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर रूफस या विंडोजवरच्या छोट्या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, सुमारे ३ जीबीची. मोड विचारला तर आयएसओ मोड. पीसी सुरू करताना बूट मेनूची कळ: डेल, लेनोव्हो, गिगाबाइटला एफ१२, एचपीला एफ९, असुसच्या बोर्डला एफ८, एमएसआयला एफ११. त्या यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यामागे यूईएफआय लिहिलंय तो घ्या. पेनड्राइव्हवरूनच पूर्ण डेस्कटॉप उघडतो, डिस्कला अजून हात लागलेला नसतो. इथे अर्धा तास घालवा: आवाज, नेट, एप्सनची टेस्ट प्रिंट, तुमची एक एक्सेल फाइल. जमलं तर 'इन्स्टॉल'. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिक करा. पीसी यूपीएसवर हवा, उद्यमनगरात हे सांगायला नको.

झाल्यावर आधी अपडेट मॅनेजर, मग टाइमशिफ्ट. टाइमशिफ्टबद्दल एक गैरसमज महागात पडतो. तो फक्त सिस्टिमचा फोटो काढतो, तुमच्या कोटेशनच्या फायली त्यात नसतात. आठवड्याला दोन-तीन प्रती पुरे, नाहीतर २४० जीबी त्यातच भरेल. फायलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर बघितलेल्या गावात तळमजल्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये बॅकअप ठेवू नये.


कोडगा_विंडोजवाला:

एवढा खटाटोप कशाला? मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून नोंदणी केली की विंडोज १० ला सुरक्षा अपडेटची मुदतवाढ मिळते. आणि रूफसने पेनड्राइव्ह करताना प्रोसेसर आणि टीपीएम या सुरक्षा चिपची अट उडवता येते, मग चौथ्या पिढीवरही विंडोज ११ बसतं.


पेठेतला_पेंग्विन:

दोन्ही खरं आहे. पण मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आय३ वरची टॅली हलवायला वेळ हवा असेल तर तेवढ्यापुरती जरूर घ्या. अट उडवून बसवलेलं विंडोज ११ सुरू होतं, मात्र अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती आली की पेनड्राइव्हचा तोच खेळ पुन्हा हाताने करावा लागतो. ४ जीबी आणि फिरत्या डिस्कवर तर ते चालेल म्हणणं धाडसाचं आहे.


छापखाना_लक्ष्मीपुरी:

प्रिंटरवर कुणी बोललं नाही, आणि ऑफिसं अडतात ती तिथेच.

एप्सन एल३११० ची काळजी नको. यूएसबी लावला की बहुतेक वेळा आपोआप ओळखला जातो. नाही ओळखला तर एप्सनच्या साइटवरून ईएससीपीआर ड्रायव्हरची डेब (इन्स्टॉलची) फाइल घेऊन डबल क्लिक. स्कॅनसाठी एप्सन स्कॅन २ तिथेच मिळतं, लिनक्सचं वेगळं आहे. टेस्ट पेजवर कडा कापलेल्या आल्या तर कागद लेटर साइजवर गेलाय, ए४ करा. आणि हे दोन ठिकाणी करावं लागतं: प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आणि लिब्रेऑफिसच्या, म्हणजे लिनक्सवरच्या वर्ड-एक्सेलच्या, पानात.

कॅनन एलबीपी २९०० मात्र हट्टी आहे. तो कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या सर्रास चालणाऱ्या प्रिंटर-भाषा नाही. कॅननचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण जुना, त्याला ३२ बिटच्या लायब्ररी लागतात आणि मागे एक वेगळी सेवा सतत चालू ठेवावी लागते. ती सेवा प्रिंटरच्या आधी सुरू झाली, किंवा प्रिंटर मध्येच बंद करून चालू केला, की रांगेत काम अडकतं आणि स्क्रीनवर मात्र 'प्रिंटिंग' दिसत राहतं. कॅप्टसाठी लोकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हरही आहे, तो स्वतः कंपाइल करावा लागतो. रोज चलन छापणाऱ्या ऑफिसला यातलं काही सुचवणार नाही.

'विंडोजवर लावून नेटवर्कवर शेअर करू' हा पुढचा विचार सगळ्यांना सुचतो. त्याने प्रश्न सुटत नाही. शेअर केलेल्या प्रिंटरला लिनक्सकडून तयार कॅप्टचाच डेटा जावा लागतो, म्हणजे ड्रायव्हर पुन्हा लिनक्सवरच हवा. चालणारा मार्ग साधा आहे. लॅपटॉपवर 'छपाई' नावाचं शेअर फोल्डर करा, लिनक्सवरून पीडीएफ त्यात टाका, कॅनन लॅपटॉपला जोडलेला राहू दे, तिथून छापा. टॅलीची बिलं तशीही तिथूनच निघणार. फोल्डर शेअर करताना पासवर्ड असलेलं खातं करा. पासवर्डशिवायचं शेअर नवं विंडोज ११ नाकारतं, आणि लिनक्समध्ये नुसतं 'फोल्डर उघडता येत नाही' एवढंच दिसतं.

पुढेमागे लेसर प्रिंटर घ्यायचाच झाला तर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल बोलणारा, नेटवर्कचा घ्या. एचपी घेणार असाल तर एक माहिती असू दे. एचपीचा एचपीलिप ड्रायव्हर मिंटमध्ये असतोच, पण लेसरजेट १०२० सारख्या काही मॉडेलना त्यावर एचपीचं वेगळं प्लगइन उतरवावं लागतं. १०२० च्या पोटात फर्मवेअर राहतच नाही, दरवेळी चालू केला की पीसीकडून घेतो. प्लगइन नसेल तर दिवा हिरवा, कागद जागेवर, आणि छापत काहीच नाही.

जाता जाता: कार्डं-फ्लेक्स करणाऱ्यांनी हा धागा वाचून लगेच उड्या मारू नयेत. कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. इंकस्केप सीडीआर फाइल उघडतं, पण मजकूर आणि ग्रेडियंट हलतात.


जॉबवर्क_उद्यमनगर:

धन्यवाद, कॅनन लॅपटॉपला लावायचं पटलं. मराठीचं सांगा कुणीतरी. आणि एक्सेलमध्ये दर काढायची शीट आहे, तिच्यात एक्सलुकअप (तक्त्यातून आकडा शोधून आणणारं फंक्शन) वापरलंय.


ऱ्हस्वदीर्घ:

आधी एक्सलुकअप, कारण तिथे फसाल. हे फंक्शन लिब्रेऑफिसमध्ये २४.८ या आवृत्तीपासून आलं. मिंट २२ बरोबर येतं ते २४.२. म्हणजे शीट उघडेल, आकडे जुनेच दिसतील, आणि ज्या क्षणी ते पुन्हा हिशेब करेल त्या क्षणी सगळ्या चौकटींत एरर. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये लिब्रेऑफिसची फ्लॅटपॅक (सिस्टिमपासून वेगळी बसणारी) आवृत्ती असते, ती नवी असते, ती घ्या. दोन्ही राहिली तर मेनूत दोन-दोन 'कॅल्क' दिसतात आणि माणूस हमखास जुनं उघडतो, म्हणून जुनं काढून टाका. मॅक्रो असतील तर एकेक चालवून बघा, सगळे चालतीलच असं नाही. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो फॉन्ट येतो. रुंदी तीच ठेवून बनवलाय, त्यामुळे इंग्रजी कोटेशनची पानं हलत नाहीत.

मराठी. इनस्क्रिप्ट येतंय म्हणजे अर्धी लढाई जिंकलेली आहे. विंडोज आणि लिनक्सवर अक्षरांच्या जागा त्याच. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट जोडा. इंग्रजी वर ठेवा, मराठी खाली. उलटं केलं तर काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही मराठी चालू असताना दगा देतात. भाषा बदलायची कळ तिथेच ठरवता येते, विंडोजमध्ये जी सवय आहे तीच द्या.

एक फरक बोटांना जाणवेल. विंडोजवर शिफ्ट आणि ५ दाबलं की 'ज्ञ' येतो, शिफ्ट आणि ७ ला 'क्ष'. लिनक्सचा साधा लेआउट एका कळीला एकच चिन्ह देऊ शकतो, आणि 'ज्ञ' ही तर तीन चिन्हं आहेत. म्हणून तो पीची कळ, डीची कळ, मग शिफ्टसह उजवा चौकोनी कंस असा टाइप करावा लागतो: ज, हलन्त, ञ. एका फटक्यात हवा असेल तर आयबस आणि आयबस-एम१७एन ही टायपिंगची दोन पॅकेज टाका, लॉग आउट करून परत या, आणि आयबसच्या यादीतून मराठीचं इनस्क्रिप्ट निवडा. त्याच यादीत रेमिंग्टन आणि गमभनही आहेत. टायपिंग क्लासमधून आलेल्या आणि मोबाइलसारखं उच्चाराने लिहिणाऱ्या माणसांचीही सोय होते.

'दुसऱ्या', 'कोल्हापूरच्या वाऱ्याने' यातला अर्धा र वाकडा होत असेल तर चूक टायपिंगची असते. साध्या र ला हलन्त आणि य जोडला की तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, 'दुसर्या'. शिफ्टसह जे दाबून ऱ घ्या, मग डी, मग य ची कळ, जी तिरक्या रेघेवर आहे. 'दुसऱ्या' नीट येतं. पत्रात हे चुकलं की वाचणारा साहेब मजकूर सोडून तेवढंच बघतो.

लिब्रेऑफिस मराठीचा फॉन्ट वेगळा धरतं, हे न कळल्याने फार वेळ जातो. टूल्स, ऑप्शन्स, भाषा, तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडा. मग स्टाइलच्या खिडकीत फॉन्टचे दोन भाग दिसतील, रोमनसाठी एक आणि देवनागरीसाठी एक. वर १४ चा आकार दिला आणि मराठी १२ लाच राहिलं, असं झालं तर कारण हेच. भाषा हिंदी नाही, मराठीच निवडा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं आत असतात, भाषा मराठी असेल तरच ती उमटतात.

मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, लिनक्सबरोबर येत नाही. मंगलमधलं पत्र उघडलं की दुसरा देवनागरी फॉन्ट लागतो. मजकूर शाबूत, ओळी मात्र सरकतात, एक पानाचं पत्र सव्वा पानाचं होतं. नेहमीची पत्रं एकदा नोटोमध्ये बसवून टेम्पलेट करून ठेवा.

डीव्हीबी-टीटी सुरेखचं दुखणं वेगळं. ती युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी, मराठी नव्हे. आत रोमन जागांवरची चिन्हं आहेत आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा घालतो. लिनक्सवर फॉन्ट नसेल तर पत्राच्या जागी कचरा दिसतो. म्हणून हलवण्याआधी, विंडोज चालू असतानाच, जुन्या पत्रांच्या पीडीएफ काढून ठेवा. वारंवार लागतात ती चार-पाचच कन्व्हर्टरमधून युनिकोड करा, सगळी करत बसू नका. आणि रूपांतर झालेलं वाचल्याशिवाय पाठवू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. कन्व्हर्टर तिची जागा बदलतो, पण 'स्थिती', 'शक्तिशाली' अशा जोडाक्षरांत ती भलत्याच अर्ध्या अक्षराला चिकटते. रफारचंही तसंच. 'वार्षिक', 'निर्मिती' हे शब्द शोधून बघा, तिथे बरोबर असेल तर बाकी बहुधा बरोबर असतं.


शिरोली_सीएनसी:

दादा, त्या शॉपमधल्या पेंटियमला हात लावायची घाई काय हाय? त्याला इंटरनेट लागतं का? नसेल तर नेटची वायर काढा, विंडोज १० असू दे, वर्षानुवर्षं चालेल. अपडेट नाही हा धोका बाहेरून येणाऱ्या गोष्टींचा. मग पेनड्राइव्हची शिस्त तेवढी पाळा: प्रोग्रॅम न्यायला एकच ठरलेला पेनड्राइव्ह, तो मोबाइलच्या गाण्यांना वापरायचा नाही.

पण तो पीसी उद्या मेला तर तयारी असावी, म्हणून लिनक्सवरचं सांगतो. सगळ्यात आधी दोन्ही मशिनमधले सगळे प्रोग्रॅम आणि पॅरामीटर पीसीवर पंच करून, म्हणजे मशीनमधून पाठवून, घ्या. कंट्रोलची मेमरी बॅटरीवर असते. लिनक्स करा नाहीतर करू नका, हे करा.

जुन्या पेंटियमच्या बोर्डावर बहुधा कॉम पोर्ट असतो. मागे ९ पिनचा नसेल तर बोर्डवर १० पिनांचा हेडर असतो, त्याची पट्टी मिळते. असेल तर तोच वापरा, यूएसबी कन्व्हर्टर नको. लिनक्समध्ये त्याचं नाव टीटीवायएस०, कन्व्हर्टरचं टीटीवाययूएसबी०. प्रोग्रॅम पाठवायला जीटीकेटर्म टाका, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आहे. पहिल्यांदा 'परवानगी नाही' असं येणार, कारण सीरियल पोर्ट सगळ्यांना खुला नसतो. 'युजर्स अँड ग्रुप्स'मध्ये जाऊन ऑपरेटरच्या खात्याला डायलआउट गटात घाला आणि लॉग आउट करून परत या. लॉग आउट विसरतात आणि ड्रायव्हर शोधत बसतात.

सेटिंग विंडोजवर जे आहे तेच कागदावर लिहून घ्या. फानुकला आयएसओ कोडसाठी बहुतेक ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट, वेग ४८०० किंवा ९६००, फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ (मशीनने पीसीला 'थांब', 'चालू कर' सांगायची पद्धत). मशीनच्या पॅरामीटरमध्ये जे असेल ते खरं. प्रोग्रॅमच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह हवं. लिनक्सचा एडिटर ओळीच्या शेवटी एकच अदृश्य चिन्ह टाकतो, विंडोज दोन. बहुतेक फानुक दोन्ही खातात, पण एखादं जुनं कंट्रोल अडलं तर एडिटरच्या 'सेव्ह ॲज'मध्ये ओळीचा शेवट विंडोज पद्धतीचा निवडा.

अलार्मवरून चूक कुठे ते कळतं. ०८५ आला तर वेग, बिट किंवा पॅरिटी जुळत नाही. ०८६ आला तर केबल बघा. तीन तारांच्या केबलमध्ये पीसीच्या ९ पिनच्या बाजूचा २, ३, ५ हा मशीनच्या २५ पिनच्या बाजूला २, ३, ७ ला जातो, आणि २५ च्या बाजूला ४-५ आणि ६-८-२० असे जंपर असतात. ६-८-२० चा डाग सुटला की समोर पीसी तयार नाही असं मशीनला वाटतं. ९ च्या बाजूला ७-८ आणि १-४-६.

०८७ म्हणजे मशीनने थांब म्हटलं आणि पीसी थांबला नाही. फानुक थांबायला सांगितल्यावर १० अक्षरांपर्यंत सोसतं, पुढे अलार्म. एक्सऑन-एक्सऑफ चालू करूनही येत असेल तर बहुधा स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर. सीएच३४० चिपवाल्यात 'थांब' हा निरोप पीसीपर्यंत पोचून ड्रायव्हरला कळेपर्यंत चिपमध्ये साठलेली अक्षरं निघून गेलेली असतात. एफटीडीआय चिप हे काम स्वतः करते, म्हणून कन्व्हर्टर घ्यायचाच तर एफटीडीआयचा. छोटे प्रोग्रॅम नीट जातात आणि मोठ्याला मध्येच ०८७, असं दिसलं तर हाच रोग.

कन्व्हर्टर लावल्यावर टीटीवाययूएसबी० एक क्षण दिसून गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय नावाचं ब्रेल पॅनेलचं पॅकेज त्याला बळकावतंय. काही आवृत्त्यांत हा घोळ आहे. ते पॅकेज काढा, केबल काढून परत लावा. आणि केबल काढा-घालायची ती मशीन आणि पीसी दोन्ही बंद करूनच. अर्थिंगमध्ये फरक असला तर पोर्ट उडतो, आणि मशीनच्या बाजूचा उडाला तर खर्च पीसीच्या किमतीच्या वर जातो.


रंकाळा_विद्यार्थी:

मध्येच विचारतो. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, कॉलेजसाठी सॉलिडवर्क्स लागतं म्हणून काढता येत नाही. शेजारी मिंट टाकलं तर चालेल? डिस्क एकच आहे.


पेठेतला_पेंग्विन:

चालेल, पण चार ठिकाणी ठेच लागते.

पहिली बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. नव्या लॅपटॉपवर तुम्ही चालू न करताही तो चालू असू शकतो. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच कागदावर उतरवा आणि एन्क्रिप्शन बंद करून पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. मिंटला सिक्युअर बूट बंद करायची सहसा गरज नसते.

दुसरी फास्ट स्टार्टअप. पॉवर ऑप्शन्समध्ये बंद करा. तो चालू असला की 'शट डाउन' म्हणजे अर्धी झोप असते, आणि लिनक्सला विंडोजचा भाग नुसता वाचता येतो किंवा उघडतच नाही. जबरदस्तीने उघडून लिहिलं तर फायली जातात.

तिसरी, मिंटच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत, चालू असतं. ते थेट बंद केलं तर विंडोज निळा पडदा दाखवतं. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून सेफ मोड लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये बदल करा, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज उघडू द्या, मग सेफ मोड काढा.

जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच 'श्रिंक' करून मोकळी करा, ६० जीबी तरी. कमीच निघत असेल तर मध्ये न हलणाऱ्या फायली आहेत. हायबरनेशन आणि रिस्टोअर पॉइंट बंद करून पुन्हा बघा.

चौथी किरकोळ, पण सगळे घाबरतात. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज ती भारताची समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल कमांडला सेट-लोकल-आरटीसी १ असं सांगितलं की भांडण मिटतं. परीक्षेचा फॉर्म शेवटच्या तासात भरणार असाल तर हे आधी करा.


जॉबवर्क_उद्यमनगर:

साहेबांनी लॅपटॉप द्यायला होकार दिला, अट एकच, आय३ वर त्यांना मॉनिटर मोठा हवा. या सोमवारी फक्त पीसी २. ग्राहकांकडून ड्रॉइंग डीडब्ल्यूजीमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलमध्ये, येतात, ती कशात उघडायची तेवढं सांगा.


शिरोली_सीएनसी:

लिब्रेकॅड डीएक्सएफला (ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीची फाइल) बरा, डीडब्ल्यूजीला भरवशाचा नाही. ओडीए फाइल कन्व्हर्टर लिनक्सवर चालतो, त्याने डीडब्ल्यूजीचं डीएक्सएफ करा आणि मग उघडा. स्टेप (थ्रीडी मॉडेलची) फाइल फ्रीकॅडमध्ये नीट उघडते, मापंही घेता येतात. पण रूपांतर केलेल्या ड्रॉइंगवरून टॉलरन्स वाचू नका. व्यासाचं आणि अधिक-उण्याचं चिन्ह फॉन्ट बदलला की प्रश्नचिन्ह होऊन बसतं, किंवा गळूनच जातं. ग्राहकाला म्हणावं डीडब्ल्यूजीबरोबर पीडीएफ पाठव, आणि शॉपमध्ये पीडीएफचीच प्रिंट द्या.